हिंग लावून

"वारा फिरला," एवढंच म्हणून आप्पांनी रायफल मांडीवर आडवी घेतली आणि थर्मासचं झाकण उघडलं. जानेवारीतला शनिवार, सकाळचे आठ, पारा शून्याखाली सतरा. अमेरिकेतल्या प्लॅट नदीच्या अलीकडे कापलेल्या मक्याचं शेत, शेताच्या कडेला सीडरच्या झाडांची रांग, आणि त्या रांगेच्या बुडाशी अंग चोरून बसलेलो आम्ही दोघं. समोर चाळीसेक पावलांवर आप्पांनी रिमोटवर चालणारा भोंगा ठेवला होता. त्यातून सशाची किंकाळी येत होती. तान्ह्या पोराला कुणी चिमटे काढून रडवावं तसा आवाज, ऐकवत नाही. बाराव्या मिनिटाला ती आली, कायोटी, इथल्या रानातली कोल्ह्याची थोरली बहीण. आधी धाटांमध्ये नुसते दोन कान, मग राखाडी-तांबूस पाठ, हिवाळ्याच्या केसांनी फुगलेली. भोंग्याकडे सरळ आलीच नाही. सव्वाशे पावलांवर थबकली, आणि एखाद्या बाईने भाजीवालीकडे बघितलं न बघितलंसं करत दुरूनच चक्कर मारावी, तसा डावीकडून वळसा घेत वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेली. नाक वर केलं. एकदाच. मान आमच्याकडे वळली, आणि पुढच्या क्षणी तिथे नुसतं शेत होतं.

वारा फिरला नव्हता. आप्पांनी सीडरच्या फांदीला बांधलेला लोकरीचा धागा मी सगळा वेळ बघत होते, तो सकाळपासून एकाच दिशेला थरथरत होता. मला दुसरंच काहीतरी खात होतं. त्या दिवशी पहाटे मी नवऱ्याच्या डब्यासाठी मटकीच्या उसळीला फोडणी दिली होती. माझा जाड कोट रात्रभर स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर होता. शिकारीला जाताना साबण लावू नये, परफ्यूम मारू नये, गाडीत पेट्रोल भरू नये, एवढं सगळं आप्पांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. फोडणी देऊ नये हे सांगायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. मला वाईट वाटू नये म्हणून भल्या माणसाने सगळा दोष वाऱ्यावर ढकलला, असं मी धरून चालले.

घरी येऊन मी कोटाची बाही हुंगली. काही वास येत नव्हता. म्हणजे, मला येत नव्हता.

आप्पा हे त्यांचं नाव नव्हे. ते आमचे शेजारी, जर्मन वळणाच्या आडनावाचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची तऱ्हा हुबेहूब माझ्या वडिलांच्या आप्पाकाकांसारखी आहे, म्हणून मनातल्या मनात ते आप्पा. नेब्रास्काच्या या भागात जुनी माणसं कायोटीला नुसतं 'कायोट' म्हणतात. शेवटचा 'टी' लावला की समोरचा शहरातला आहे हे त्यांना कळतं, आणि मी तो अजून लावते. आपल्याकडे याला शब्द नाही. कोल्हा म्हणावं तर हा त्याच्याहून दांडगा, लांडगा म्हणावं तर त्याच्यापुढे किडकिडीत. आवाज मात्र ओळखीचा. पहिल्या हिवाळ्यात रात्री नदीकडून तो आला तेव्हा मी अर्धवट झोपेत "कोल्हेकुई" असं मोठ्याने म्हणाले होते, आणि उठून बसल्यावर आपण कुठे आहोत हे आठवायला मला जरा वेळ लागला होता.

वासाचं म्हटलं की मला आमची आजी आठवते. शेवटची सहा वर्षं तिला जवळजवळ दिसत नव्हतं. वाईच्या घरात ती सोप्यावर बाजेवर बसून असायची आणि उंबऱ्यात कोण आलं हे पायाच्या आवाजाआधी सांगायची. कोण दळण घेऊन आलंय, कोण दवाखान्यातून आलंय, कुणाच्या अंगाला ओल्या कपड्यांचा वास मारतोय. आमचा एक चुलतभाऊ तेव्हा चोरून बिडी ओढायला लागला होता. पकडलं जाऊ नये म्हणून त्याने एकदा आजोबांच्या कुपीतलं हिना मानेला, मनगटांना, केसांना भरपूर चोपडलं आणि छाती काढून आत आला. आजी म्हणाली, "बिडी ओढलीस ती ओढलीस, वर अत्तर कशाला रे? आधी एक वास येत होता, आता दोन येतात."

शिकारीच्या सामानाच्या दुकानात वासांची एक आख्खी भिंत असते, तिच्यासमोर उभी राहिले की मला हे वाक्य आठवतं. कोल्ह्याचं मूत, कायोटीचं मूत, माजावर आलेल्या मादीचं मूत, सगळं पंपाच्या बाटल्यांत. स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीचा अर्क. ओल्या मातीचा वास, पाइनचा वास, सीडरचा वास, बिल्ल्यासारखे टोपीला लावायचे. अंगावर फवारायचं, म्हणजे आपला माणूसवास झाकला जातो, असा दावा. आप्पांना विचारलं तर ते घसा खाकरून म्हणाले, की ही भिंत कायोट पकडायला नाही, शिकारी पकडायला लावलीय. कायोटीच्या नाकाला स्कंकही कळतो आणि स्कंकच्या पाठीमागे बसलेला माणूसही कळतो. वर कोपऱ्यातला स्कंक आज माणसाबरोबर का फिरतोय, असा प्रश्न पडून ती अधिकच सावध होत असेल. आजीने हेच निदान पंचेचाळीस वर्षांपूर्वी फुकटात केलं होतं.

मग उपाय काय, तर वारा. आप्पांचं सगळं शास्त्र एवढंच. भोंगा ऐकून येणारी कायोटी नव्वद टक्के वेळा वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालणार, कारण कानाने ऐकलेलं ती नाकाने तपासल्याशिवाय मानत नाही. (टक्का आप्पांचा, मी मोजलेला नाही.) म्हणून वारा तोंडावर घेऊन बसायचं नाही, आडवा घ्यायचा, आणि खालच्या अंगाला मोकळं रान ठेवायचं, म्हणजे वळसा पुरा व्हायच्या आत ती उघड्यावर सापडते. पहाटेची गार हवा उतारावरून पाण्यासारखी नदीकडे ओघळते, ऊन तापलं की तीच वर चढू लागते, त्यामुळे सात वाजता बरोबर असलेली जागा नऊ वाजता चुकीची होते. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली, दर पाच मिनिटांनी एक चिमूट हवेत. मूत लावलेली चिंधी ते कधीकधी वळशाच्या वाटेवर टांगतात, ती झाकायला नव्हे, थांबवायला. कायोटी तिथे हुंगायला दोन सेकंद जास्त थांबली तर थांबली. "दोन सेकंदांचे दहा डॉलर," असं म्हणून ते हसतात. तरी बाटली घेतातच. आपणही पंचांगावर विश्वास नाही म्हणत मुहूर्त बघतोच.

पण ही झाली बंदुकीची गोष्ट. सापळ्याची गोष्ट वेगळी, आणि ती मला त्यांच्या शेडमध्ये कळली.

फेब्रुवारीत त्यांच्या गायी वीत होत्या. मी त्यांना आल्याचा चहा नेऊन द्यायला गेले, तर ते फडताळ आवरत होते. खालच्या कप्प्यात जुने लोखंडी सापळे; ऐंशीच्या दशकात कातड्यांना चांगला भाव होता तेव्हा ते दर हिवाळ्यात लावायचे. सापळे आधी लाकडाच्या सालीच्या काळ्या रंगात उकळायचे, मग वितळलेल्या मेणात बुडवायचे, म्हणजे लोखंडाचा वास जातो. हात रबरी मोज्यांत, पाय रबरी बुटांत, गुडघ्याखाली ताडपत्री. इतकं सोवळं मी आमच्या घरात गणपतीच्या नैवेद्यालाही पाहिलं नाही. जमिनीत उंदराच्या बिळासारखं तिरकं भोक पाडायचं, तळाशी लोकरीच्या बोळ्यावर थेंबभर वास सोडायचा, आणि भोकाच्या तोंडाशी, बोटभर चाळलेल्या मातीखाली सापळा. त्याची कळ जेमतेम दोन इंचांची. मैलभर पसरलेल्या रानात कायोटीचा पाय नेमका त्या दोन इंचांवर पडायला हवा, आणि तो फक्त वासच पाडू शकतो. भोंगा तिला रानात आणेल, बिळाशी वाकवणार नाही. बंदुकीला वासाची गरज जवळजवळ नाही, सापळा वासाशिवाय जवळजवळ कामाचा नाही, असं माझं मत झालंय. ते मला भिंतीसमोर उभं राहून झालं नसतं.

त्यांनी कपाटातून तपकिरी काचेची बरणी काढली. झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वेढे. "लांबूनच घे," म्हणाले. मी घेतला. पहिल्यांदा सडलेल्या माशांचा भपकारा आला, त्यामागून काहीतरी गोडसर कुबट, बीव्हरच्या ग्रंथींचं, असं त्यांनी सांगितलं. आणि मग सगळ्याच्या तळातून, हळूच, एकदम ओळखीचं. मला माझ्या आईचा मसाल्याचा डबा दिसला. पितळी, सात वाट्यांचा, आणि त्याच्या शेजारी वेगळी ठेवलेली, वास लागू नये म्हणून डब्यात कधीच न जाणारी पत्र्याची डबी.

हिंग.

हे खरंच आहे. इथले सापळेवाले कायोटीच्या आमिषात पिढ्यान्‌पिढ्या हिंग घालत आलेत. इंग्रजीतलं त्याचं एक टोपणनाव 'सैतानाची विष्ठा' असं आहे, जर्मनमध्येही तेच. कुजलेल्या मांसासारखा, लसणासारखा, गंधकाचा वास. कायोटीला वाटतं इथे काहीतरी पुरलंय. मी आप्पांना म्हटलं, हे माझ्या स्वयंपाकघरात आहे, मी हे रोज खाते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी म्हणावं की मी बंदुकीची दारू भातावर घेते. धावत घरी जाऊन खडा हिंगाची डबी आणली. त्यांनी ती उघडून नाकाशी नेली आणि खूप वेळ तशीच धरली. मग म्हणाले, त्यांची आजी याची पुरचुंडी दोऱ्यात बांधून त्यांच्या गळ्यात घालायची. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेत घरोघरी असल्या पुरचुंड्या गळ्यात आल्या होत्या, आणि साथ गेली तरी काही आज्यांनी त्या सोडल्या नाहीत. शाळेत त्यांच्या बाकावर कुणी बसायचं नाही. "त्यामुळेच रोग आला नसेल," ते म्हणाले, "जवळ कुणी येईल तेव्हा ना!" मी त्यांना सांगितलं, की आमच्याकडे बाळाच्या बेंबीभोवती हिंग उगाळून लावतात, पोटातला वारा सरावा म्हणून. तेव्हा ते हसता हसता खोकले, म्हणाले, म्हणजे सगळीकडे प्रश्न वाऱ्याचाच.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण जरा विचित्र होतं. या देशात मला अठरा वर्षं झाली. पहिलं भाड्याचं घर सोडताना मालकाच्या माणसाने सांगितलं होतं, नवे लोक बघायला येणार आहेत, दोन दिवस 'ते तसलं' शिजवू नका. कामाच्या ठिकाणी नाताळच्या भेटींच्या चिठ्ठ्या निघतात, तर तीन वर्षं लागोपाठ मला सुगंधी मेणबत्त्या आल्या, तीनदाही व्हॅनिला. योगायोग असेल. तेव्हापासून कोट गॅरेजमध्ये, फोडणी देताना बेडरूमची दारं बंद, उघडी खिडकी, पंखा. मी माझ्या अंगावर दुकानातली ती अख्खी भिंतच फवारत आले होते की. कोट खुंटीवर राहिला तो नेमका त्याच एका रात्री, विसरून. आपल्याकडे म्हणतात, तुला हिंग लावून तरी कोण विचारतंय. तर माझ्या घराच्या मागच्या कुंपणापलीकडे शंभर वर्षं लोक कायोटीला हिंग लावून विचारत होते. फक्त विचारत कशासाठी होते, हेही मी पाहिलं होतं. लोखंडाचे जबडे अजून डोळ्यांसमोरून जात नव्हते.

वासाने बोलावणं हे तसं निरुपद्रवीही असू शकतं. १९७२ पासून पश्चिमेकडच्या राज्यांत कायोटींचा अंदाज घेण्यासाठी सरकारी लोक रस्त्याच्या कडेने दर ०.३ मैलावर एक अशी पन्नास ठिकाणं आखायचे. यार्डभर रुंदीचं चाळलेल्या मातीचं वर्तुळ, रांगोळी घालण्याआधी सारवून घ्यावं तसं गुळगुळीत, आणि मधोमध आंबवलेल्या अंड्याचा वास. पुढे तो वास प्रयोगशाळेत बनवून प्लास्टरच्या चकत्यांत मुरवू लागले. सकाळी जाऊन बघायचं, कुणाकुणाची पावलं उमटलीत. झालं. पण त्याच नाकाचा फायदा घेऊन जमिनीत नळी ठोकायची, वर वासाचा लेप दिलेला बोळा बसवायचा, कायोटीने तो दातांनी ओढला की तोंडात सायनाइड, असं एम-४४ नावाचं यंत्रही सरकारनेच वापरलं. मार्च २०१७ मध्ये आयडाहोतल्या पोकाटेलोजवळ घरामागच्या टेकडीवर एका चौदा वर्षांच्या मुलाने ते सहज हात लावून पाहिलं. तो वाचला, त्याचा कुत्रा त्याच्यासमोर मेला. केंद्राच्या जमीन खात्याने आपल्या जमिनींवर ते थांबवलं, तेही २०२३ च्या नोव्हेंबरात. वास कुत्र्याला आणि कायोटीला वेगवेगळं आमंत्रण देत नाही. आपल्याकडे यवतमाळात २०१८ साली टी-१ वाघिणीच्या मागावर असताना वनखात्याने कॅल्विन क्लाइनचं पुरुषांचं परफ्यूम वापरलं, तेव्हा आम्ही सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर हसलो होतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात २००३ मध्ये चित्त्यांपुढे दोन डझन परफ्यूमं ठेवून पाहिली होती, त्यांत तेच पहिलं आलेलं. उदमांजराच्या ग्रंथीतल्या द्रव्याची नक्कल त्यात असते, म्हणे त्यामुळे. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण मारली गेली, तेव्हा तेच हसणारे गप्प झाले. आणि सातारा भागात माझा मामा न्हाव्याकडून केसांची पोती आणून उसाच्या कडेने पसरतो, रानडुकरं येऊ नयेत म्हणून. माणसाचा वास लपवायला इथे पैसे मोजतात, तिथे तो पोत्याने आणून टाकतात.

मी आप्पांच्या विरुद्ध नाही, हे लिहायला हवं. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी मला एक गाय दाखवली होती. वासरू अर्धं बाहेर, अडलेलं, आणि त्या अवस्थेतच रात्री कायोटींनी त्याला मागून खाल्लेलं. गाय उभी होती. आप्पा काही बोलले नाहीत, घसाही खाकरला नाही. त्यांनी दोर आणायला मला पाठवलं आणि मी आणला. त्या दिवशी कुणी माझ्या हातात रायफल दिली असती तर कोण जाणे. पण जानेवारीतल्या त्या सकाळी ती धाटांतून नाहीशी झाली तेव्हा मला जे वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला होता. माझ्या फोडणीने तिला वाचवलं, असा मी तो आनंद स्वतःशी रंगवून ठेवला होता, आणि दोन महिने जपला होता.

शेवटी विचारलंच. ते कुंपणाची तार ओढत होते. म्हटलं, खरं सांगा, त्या दिवशी माझ्या कोटाचा वास आला ना तिला? त्यांनी पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "शून्याखाली सतरा होतं. एवढ्या थंडीत तुझा मसाला काय दरवळणार? म्हणून तर हिवाळ्यात आमिषात स्कंक घालावा लागतो, बाकी सगळं गोठून बसतं." मग कशाचा आला? "तुझा आणि माझा. दोन गरम अंगं, दोन तोंडांची वाफ, माझी कॉफी, माझा म्हातारा कुत्रा, ट्रकचं डिझेल. जागा मी चुकीची निवडली होती. बसल्यावर लक्षात आलं, पण तू एवढी नीट बसली होतीस की उठवावंसं वाटलं नाही." म्हणजे वारा फिरला हे त्यांनी माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी म्हटलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कायोटीने हुंगलेल्या त्या सगळ्या पसाऱ्यात आपलं असं वेगळं काही नव्हतं, याचं मला जरा वाईटच वाटलं.

त्यांना ते दिसलं असावं. मार्चअखेरीस, नदीवर क्रौंच पक्ष्यांचा नुसता गोंगाट चालला होता आणि दुपारी बर्फ वितळून चिखल व्हायला लागला होता, तेव्हा ते दारात आले आणि म्हणाले, तुझी ती डबी घेऊन ये. ओढ्यावरच्या मोरीजवळ त्यांनी एक जुना खांब रोवला होता आणि समोर झाडाला कॅमेरा बांधला होता. सापळा नाही. मी एक खडा बत्त्याने ठेचला, तेलात जरासा गरम केला आणि चिंधीला चोळून खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला. हात धुऊन तीन दिवस गेला नाही तो वास. पहिल्या रात्री एक रकून आला, दोन पायांवर उभा राहून चिंधीचा कोपरा चाचपून गेला. दुसऱ्या रात्री शेजारच्या गोठ्यातलं मांजर. तिसऱ्या रात्री, दोन वाजून सोळा मिनिटांनी, ती. किंवा तो. काळ्या-पांढऱ्या फोटोत डोळे नाण्यांसारखे चमकलेले. पहिल्या फोटोत मान लांब, पाय मात्र मागे, पळायच्या तयारीत. दुसऱ्यात नाक थेट चिंधीला टेकलेलं. तिसऱ्यात खांदा आणि मान खांबावर घासतेय, तोंड अर्धं उघडं, देहभान विसरून. चौथ्या फोटोने लिंगाचा प्रश्न मिटवला. पाय वर करून त्याने माझ्या हिंगावर धार सोडली होती.

आप्पा फोटो मोठा करून बराच वेळ बघत होते. "आता तो खांब त्याचा," एवढंच म्हणाले.

मी चारही फोटो आईला पाठवले, सगळी हकिगत लिहून. आमच्याकडे रात्र, तिच्याकडे सकाळ. तिचा फोन आला तेव्हा मागे कढईत मोहरी तडतडत होती. "कोल्हा छान आहे गं," ती म्हणाली, "पण खडा कुठला वापरलास? मी मागच्या खेपेला दिलेला तो? अगं, तो आमटीत घालायचा होता."